अप्पांच्या चित्राला हार

रंगाच्या ट्यूबा झाकण उघडं राहिलं की वाळून जातात. किस्से मात्र कसेही पडू द्या, ताजेच राहतात. यंदाच्या हिवाळ्यात माझी चित्रं झाली जेमतेम, आणि किस्से मात्र घरात मावेनात!

घर म्हणजे लातूरचं. पुढच्या खोलीत दर रविवारी माझा चित्रकलेचा क्लास भरतो. याच खोलीवर सासऱ्यांचा, म्हणजे अप्पांचा डोळा. मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, त्यांचं दुकान. "सूनबाई, तुझं प्रदर्शन झालं की खोली मोकळी कर. तूर ठेवायची हाय," असं त्यांनी दिवाळीतच बजावलं होतं. खोली गेली की क्लास गेला.

*

क्लासमधले माझे लाडके विद्यार्थी शकीलभाई. टेलर आहेत. एकदा सगळ्यांना उभा माणूस काढायला सांगितला. शकीलभाईंनी खांदे काढले, बाह्या काढल्या, कॉलर तर अशी की इस्त्री केल्यासारखी. वर डोकंच नाही.

मी विचारलं, तर म्हणाले, "मुंडकं आमच्या कामात येत न्हाई, मॅडम."

*

जानेवारीत सगळ्यांना घेऊन कंधारला गेले. किल्ला बघायचा, उन्हात बसून रंगवायचा, प्रेरणा घ्यायची, असा बेत. वाटेत एका ओळखीच्या शेतात हुरडा भाजणं चाललं होतं. पाच मिनिटं म्हणून उतरलो आणि दिवस तिथंच मावळला.

घरी आल्यावर अप्पांनी वह्या मागितल्या. प्रत्येक पानावर हुरडा, दही आणि शेंगदाण्याची चटणी. किल्ला कुठाय, असं त्यांनी विचारताच शकीलभाईंनी चटणीच्या वाटीवर बोट ठेवलं. "हिच्या मागं हाय."

अप्पा उठले आणि खोलीची लांबीरुंदी पावलांनी मोजून आले.

*

मग नांदेडला सामूहिक प्रदर्शन. माझं सगळ्यात मोठं चित्र भिंतीवर, आणि त्याच्यासमोर एक गृहस्थ हलेचनात. लोक आले, गेले, हे आपले तिथंच. मला भरून आलं. हळूच जवळ जाऊन विचारलं, काय वाटतंय?

"निम्मीच झाली. अजून जरा थांबतो."

हॉलमधला एकुलता एक चालू प्लग माझ्या चित्राखाली होता, आणि त्यात यांचा मोबाइल!

*

नांदेडहून परतताना ठरवलं की आता अप्पांचंच चित्र काढायचं, म्हणजे तरी ते विरघळतील. ते दुकानात गादीवर बसले आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात झोपले. उघडे डोळे मी मनानेच रंगवले. टोपी, कपाळावर विभूती, सगळं जमलं होतं. अप्पांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "मी एवढा म्हातारा हाय का?"

खोलीचा विषय तिथंच राहिला.

*

शेवटी लातूरचं माझं प्रदर्शन. सकाळी मला पोचायला जरा उशीर झाला. त्या हॉलमध्ये कार्यक्रम कुठलाही असो, सुरुवात फोटोला हार घालूनच होते. तिथल्या शिपायाला आदल्या दिवशी ठेवलेल्या आमच्या सामानात टोपीवाल्या म्हाताऱ्याचं एकच चित्र दिसलं. त्यानं ते दारासमोर टेबलावर मांडलं, झेंडूचा हार घातला, समई लावली, उदबत्ती खोचली.

मी पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत मोंढ्यातली मंडळी माना खाली घालून उभी; दारावरून जाताना कुणीतरी हार पाहिला होता आणि बातमी बाजारभर केली होती. "काल सांजच्याला तर चांगला बसलेला बघितला," असं कुणीतरी हळहळत होतं. सगळ्यात पुढं समोरच्या दुकानाचे वीरभद्रशेठ. अप्पांशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला. ते उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "लई सच्चा माणूस. मापात कधी खोट न्हाई. म्याच उगं भांडत बसलो."

मी हार काढायला धावले, तेवढ्यात खांबाआडून कुणीतरी मनगट धरलं. अप्पा! कधीचे तिथं उभे होते कोण जाणे. डोळे भरलेले, आणि चेहरा असा खुललेला की तसा मी आजवर पाहिला नव्हता.

"अप्पा, चुकून झालं," मी पुटपुटले.

"चित्र झ्याक काढलंस," ते कानाशी कुजबुजले. "खोली तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. पर हार इतक्यात काढू नको. मोंढ्यातले अजून दोघं-तिघं यायचे हायत."