उशीतल्या कापसाचा तपास

ती चोरी आजही माझ्या कानात वाजते. कानातच, कारण चोरीला गेली होती बैलाची घुंगरमाळ.

बदनापूरकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. माझा दरारा असा, की मी जीपमधून उतरलो की गावातली कुत्रीसुद्धा ओळखपत्र शोधायला लागत. हसनाबादच्या बाजारात एकदा मी नुसता शिंकलो, तर एक फरारी आरोपी आपणहून हजर झाला. एवढ्यात थोडं मीठ मी घातलंय. पुढचं सगळं अळणी आहे.

एका गावात लोकांनी मिळून जनावरांचा निवारा चालवला होता. म्हातारे बैल, लंगडी कुत्री, कुणी सोडून दिलेल्या गाई. जागा अपुरी, म्हणून निम्मी जनावरं उन्हात. नव्या शेडसाठी निवाऱ्याच्या ताईंनी युक्ती काढली. ज्यांच्या दारी आता ट्रॅक्टर आला, त्यांनी बैलांचा जुना साज द्यायचा आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा लिलाव करायचा. मोठी बोली लागणार होती ती एका पितळी घुंगरमाळेवर. जालन्याचा एक व्यापारी खास तिच्यासाठी येणार होता. पोळा तोंडावर आला आणि माळ गायब.

"साहेब, माळ गेली तर शेडही गेलं समजा," ताई म्हणाल्या. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि भंगारवाल्यांची दुकानं अशी उलथीपालथी केली की माझ्याच सायकलची हरवलेली घंटी सापडली. माळ नाही.

मग जागा पुन्हा पाहिली. निवाऱ्यात माळ टांगलेली असायची त्या खुंटीखाली कापसाचे बारीक पुंजके पडले होते. म्हणजे चोरानं एकेका घुंगरात कापूस कोंबून तिला मुकी केलं होतं. पितळेचा चोर पोत्यात टाकून पळतो. हा बैलाचा साज हाताळलेला माणूस. पण पोळ्याला कापूस अजून बोंडातच असतो. आणि हा पिवळट, खोबरेल तेलाचा वास येणारा. हा कुणाच्या तरी उशीतला.

पोळ्याच्या सकाळी चहाच्या टपरीवरचा आमचा खबऱ्या कानाशी आला. "साहेब, तात्याच्या घरातून तिन्हीसांजेला बैल चालल्यावानी आवाज येऊन राह्यला. बैल तर कवाच मेला त्याचा."

तात्या म्हणजे माळ देणारेच गृहस्थ! बायको गेलेली, मुलं पुण्याला. सगळं गाव बैल मिरवत होतं, तात्या एकटे ओट्यावर.

"या साहेब. आज आमच्याकडं कसं काय?"

"कंबर धरली तात्या. जरा टेकू का?"

आत खाटेवर दोन उशा. एक टम्म फुगलेली. दुसरी पापडासारखी, कडेला उसवलेली. मी पापडावर डोकं ठेवलं. काही विचारलं नाही. चहा आला, तो प्यालो. बाहेर हलग्या वाजत होत्या.

शेवटी तात्याच म्हणाले, "ती फुगलेली हिची हाय. तिला हात न्हाई लावला."

मग कोठीतून माळ आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "बैल निवाऱ्यात उन्हात बसून मेला साहेब, शेडखाली जागाच नव्हती. म्हणून माळ दिली. पण त्या सांजेला घर असं गप झालं, की मलाच माझी भीती वाटली. रोज जरा हलवायचो, घरात कुणी हाय असं वाटायचं."

ताईंना बोलावलं. त्या रडायलाच लागल्या. "मागितली असती तर दिली नसती का तात्या?"

"दिलेली वस्तू मागावी कोणत्या तोंडानं, बाई? आता बिलकुल ठेवणार न्हाई. शेड झालं पाहिजे."

लिलावात माळ त्यांनी स्वतः उचलली आणि अशी हलवली, की अंकुशनगरच्या कारखान्याचा भोंगा लाजला असता. व्यापारी आपल्याच बोलीवर बोली चढवत गेला. माळ जालन्याला गेली. शेड उभं राहिलं. तात्यांचं घर मात्र गप्पच.

ताईंनी तक्रार मागे घेतली, तरी अर्ज मी निकाली काढला नाही. 'चौकशी चालू' असा शेरा मारून ठेवला. आणि गस्तीच्या वाटेवर रोज तात्यांच्या ओट्यावर बसू लागलो.

"आलात का तपासाला?"

"आलो. खरं बोला, चहात साखर किती?"

"बसा मंग. जबाब लांबडा हाय."

वरिष्ठ विचारत, एका माळेचा तपास अजून कसा चालू? मी सांगायचो, प्रकरण गुंतागुंतीचं आहे साहेब. माझ्या निवृत्तीपर्यंत ते गुंतलेलंच राहिलं. तात्यांनी कधी विचारलंही नाही की हा तपास संपणार कधी. बहुधा त्यांनाही तो संपायला नको होता.

नोकरीभर मला वाटायचं, वर्दीच्या धाकानं माणसं खरं बोलतात. या प्रकरणानं शिकवलं, एकट्या माणसाला धाक लागत नाही. समोर कुणी बसलं की पुरतं.

आता तात्या नाहीत. माझी बायकोही नाही, मी शहरात फ्लॅटमध्ये राहतो. संध्याकाळी दारावरची बेल वाजते ती शेजारच्यांची. वाटतं, कुणी तरी माझ्यावर संशय घ्यावा, रोज चौकशीला यावं, जरा टेकावं. गुन्हा कोणताही लावा. कबुली तयार आहे.