ड्रमच्या जागी माणूस

वैशाखरे गावाच्या वर, डोंगराच्या पोटात आमची वाडी. फौजेतून मेजर म्हणून सुटले आणि इथलं पोस्टिंग माझं मीच काढलं. ओढ्यावर छोटं टर्बाइन बसवलं, घराघरात दिवे लावले. सोबत माझ्या युनिटचा निवृत्त हवालदार बुधाजी पारधी, शहापूरकडचा.

दिवे कमी जळले की उरलेली वीज एका ड्रममधल्या हीटरात जायची. त्यामुळे टर्बाइनवर भार कायम राही. भार सुटला तर चाक मोकाट. ड्रममधलं पाणी तापायचं. बाया तिथेच धुणी, अंघोळी, खिदळणं उरकायच्या. मेजरसाहेबांना, म्हणजे मला, हा पॉवरहाऊसचा अपमान वाटला. तेव्हाच्या त्या बाईची नक्कल मी आता नातींना करून दाखवते: बगलेत छडी, पाय शेणात, मान आकाशात.

ऑर्डर निघाली. हीटर बंद. एरिया आउट ऑफ बाउंड्स, बायांना मज्जाव. भार सुटलाच तर टर्बाइनचं पाणी तोडायला व्हॉल्व्हवर माणूस.

"तुमच्या मिलटरीत अंघोळ करीत नाय का गो बाय?" धुणं घेऊन आलेल्या गंगूबायनं सगळ्यांदेखत विचारलं.

बुधाजी एवढंच म्हणाला, "मॅडम, ड्रम असू द्या. माणूस कमी पडंल."

"दॅट्स ऑल, हवालदार."

"जी मॅडम."

जुलै. वेळ १६:४०. वादळात ऐनाचं झाड तारांवर पडलं. गावाचा भार एका क्षणात सुटला. मी वर बंधाऱ्यावर होते. तिथपर्यंत टर्बाइनची किंकाळी आली. वॉकीटॉकी उचलली.

"बुधाजी, व्हॉल्व्ह बंद कर. ओव्हर."

"करतोय. चौदा फेरे हायत. तीन... चार..."

तो मोजत राहिला. बटन त्याने दाबूनच धरलं होतं. तो बोलतोय तोवर माझा आवाज त्याला जाणार नव्हता.

"आठ. मॅडम, पट्टा तुटला. नऊ."

"बाहेर पड! सोड ते!"

"अकरा... बारा..."

टर्बाइनचं जड लोखंडी चाक, फ्लायव्हील, फुटलं. मी धावत खाली पोचले तेव्हा छताचे पत्रे फाटले होते, भिंतीत लोखंड रुतलं होतं. बुधाजीच्या छातीत तळहाताएवढा तुकडा. एक हात अजून व्हॉल्व्हवर. तो हात मी सोडवला. उरलेले दोन फेरे मी फिरवले. रक्तानं व्हॉल्व्हचं चाक हातातून निसटत होतं.

नवं टर्बाइन बसलं तेव्हा सगळ्यात आधी मी हीटर जोडला.  गंगूबायनं पहिली कढत बादली भरली आणि व्हॉल्व्हखाली नेऊन ठेवली.

अजूनही रोज पहिली बादली तिथंच जाते. बुधाजीची. ती निवल्याशिवाय वाडीत कुणी अंघोळ करत नाही.