ग्रामीण मार्गाची बढती

कापसाचे दिवस वाईट चालले होते, तेव्हा मी मारेगावकडे बांधकाम खात्यात नवा अभियंता होतो. एका दुपारी आडबाजूच्या गावच्या सरपंचबाई कार्यालयात आल्या. पन्नाशीच्या, बोलायला सरळ. भिंतीवरच्या नकाशापुढे उभं राहून त्यांनी विचारलं, "साहेब, आमचा रस्ता कोणता याच्यात?"

मी एक बारीक रेघ दाखवली. "हा. ग्रामीण मार्ग."

"अन् हा जाड लाल?"

"राष्ट्रीय महामार्ग." मग मी समजावत गेलो. राजधान्या, बंदरं, सरहद्दी जोडतो तो राष्ट्रीय. वेळ पडली तर त्यावरून फौजही जाते. जिल्ह्याची ठिकाणं जोडतो तो राज्याचा. तालुके आणि मोठे बाजार जोडतो तो जिल्हा मार्ग. सगळ्यात खाली ग्रामीण.

"म्हंजे आमच्या गावापाशी रस्ता सरते म्हणून तो लहान?"

"तसंच. पलीकडच्या गावाला जोडला, तर दोन बाजारांमधला दुवा होईल. मग त्याचा दर्जा वाढवता येईल."

मी बोलण्याच्या ओघात बोलून गेलो. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं.

दोन गावांमध्ये एक नाला होता आणि थोडी शेतं. बोंडअळीतून वाचलेला कापूस तिथल्या चिखलात बैलबंडीतच भिजायचा. कॉलेजच्या पोरी चपला हातात घेऊन फाट्यापर्यंत जायच्या. रस्त्यासाठी जमीन मागत बाई पलीकडच्या गावात घरोघरी फिरल्या. बाकीचे तयार झाले. एक म्हातारे शेतकरी अडून बसले. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

"कापूस तं गेलाच," ते म्हणाले, "आता वावरही देऊ? कायले?"

"रस्ता माह्या ओट्यावरून जाऊन राह्यला, दादा," बाई म्हणाल्या. "अर्धी खोलीही जाते. मी देऊन राह्यली ना."

आखणी माझीच होती. पण ते घर त्यांचं आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्यांनी वावराच्या कडेच्या बांधाकडे हात केला. मग म्हणाले, "धुऱ्याकडून घ्या मंग."

रस्ता जोडून जिल्हा मार्ग करायचा प्रस्ताव मंजूर झाला. नाल्यावर पूल झाला, एसटी सुरू झाली. माझी बदली पुसदला झाली.

काही वर्षांनी त्या रस्त्यानं गेलो. बाई उरलेल्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. समोरून ट्रक धडाधड जात होते. पलीकडे जायला शाळेची पोरं एकमेकांचे हात धरून खोळंबली होती.

"ताई, रस्ता मोठा झाला तुमचा."

"झाला ना. पोरी टायमावर कालेजात जातात. पण मोठा झाला तसा आमच्यापाशी थांबत नाही आता." मग त्यांनी गतिरोधक मागितला. या दर्जाच्या रस्त्यावर तो सहजी मंजूर होत नाही, असं मी सांगितलं, तर त्या हसल्या. "मंग पुन्हा ग्रामीण करून टाका!"

मीही हसलो, पण वाटेभर ते डोक्यातून जाईना. रस्ता कुठून कुठे पोचतो यावर आम्ही त्याचं महत्त्व ठरवत होतो. मध्ये कोण राहतं, याला आमच्याकडे रकानाच नव्हता.

गतिरोधकासाठी मी वर लिहीत राहिलो. तो झाला, पण त्याला वर्ष लागलं.