आम्ही चूलबंद गेलो

निलंग्याच्या स्टँडवरून पुण्याची एसटी सुटायला पाच मिनिटं होती आणि आबा माझ्या शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईंना आमच्या घरच्या लग्नाचं आवतन देत होते. "चूलबंद या बरं का. पाव्हणे असले तर त्यांना बी आना." चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, आल्यागेल्यासकट सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. पहिल्या नोकरीला निघालेली मी खिडकीत लाजेनं मरत होते.

ती लाज मी पुण्याला सोबतच नेली. गेल्या वर्षी मॅनेजरच्या मुलाचा वाढदिवस होता, त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सहकुटुंब या. आबा, आई आणि मावशी तेव्हा माझ्याकडेच आले होते. आबांनी ठेवणीतलं धोतर काढलं, आईनं खेळण्यांच्या दुकानात मला तासभर उभं केलं. सहकुटुंब म्हटल्यावर विचारायचं काय?

दारात मॅनेजरच्या बायकोनं आम्हाला एकेक करून न्याहाळलं. "अय्या, एवढे सगळे? केटररला तुझं एकटीचंच सांगितलंय गं," त्या हसत म्हणाल्या. मग सहकुटुंब कशाला लिहिलंत, असं तोंडावर विचारायला हवं होतं. मी काय बोलले? "नाही नाही, हे मला फक्त सोडायला आलेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "व्हय बाई, आमी निघालोच व्हतो," म्हणाले. आईच्या हातातलं खेळणं माझ्याकडे दिलं आणि तिघंही रिक्षा शोधायला गेले. मी आत जाऊन केक खाल्ला.

त्या बाईंचा राग आहेच. पण त्यांना माझे आईबाप ठाऊक नव्हते, मला होते. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता, तिकडं बरं हाय ना? माझ्यासारखे निघून आलेले तर विचारतही नाहीत, त्यांनीही कुठल्या ना कुठल्या दारात असंच काही केलं असणार. बरं आहे. फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. त्यालाच मी आता घर म्हणते.

परवा आबांना डोळे दाखवायला पुण्याला यायचं होतं. आजवर ते न सांगता येऊन थेट बेल वाजवायचे. या वेळी आधी फोन आला.

"माय, आमी दोघंबी आलो तर चालंल का? न्हाईतर मी येकलाच येतो."