तीन चाकांची लाल गाडी

दसऱ्याच्या सकाळी चिरंजीवांनी दारातल्या मोटारीला झेंडूची माळ घातली, तेव्हा चार वर्षांच्या नातीने जमवलेल्या साऱ्या खेळण्यातल्या गाड्या देवघरासमोर मांडल्या. सर्वांत पुढे तीन चाकांची लाल गाडी होती.

"बाबा, ती मोडकी आज कचऱ्यात टाकणार आहे. खंडित वस्तूची कधी पूजा करतात का?" चिरंजीवांनी मलाच शास्त्र ऐकवले.

"आजोबा, तिचं चाक दुखतंय. तिलाच आधी गंध लावा," नात म्हणाली.

माझ्या नित्यपूजेतला शाळिग्राम कडेला भंगलेला आहे. तरीही शास्त्राने त्याचे पूज्यत्व अबाधित मानले आहे. भक्तीचे हे मर्म त्या बालिकेला न शिकताच उमगले होते. मी लाल गाडीला गंध लावले, फूल वाहिले आणि चिरंजीवांना म्हणालो, "आता हिची पूजा झाली आहे. टाकून दाखव!"