दाढेतली अळी

ये, अशी आजीजवळ सरक. लांबून बोललं की तुम्हा पोरींना ऐकूच येत नाही. दाढ ठणकली की गोळी गिळायची, त्या बाजूनं चावायचं सोडायचं, आणि "जाईल आपोआप" म्हणत महिने काढायचे! एवढ्या शिकल्यासवरल्या तुम्ही, पण रीत मात्र माझ्या आईचीच. तिला तर सांगणारं कुणी नव्हतं.

आमचं गाव रहाटणी. तुम्ही आता जिथं चौथ्या मजल्यावर राहता, तिथं तेव्हा आमची ज्वारी असायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईची वरची डावी दाढ किडलेली. दुखली की ती मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरडीवर घासायची. घटकाभर बधिर व्हायचं, बरं वाटायचं. आधी सकाळी एकदा लावायची, पुढं दिवसातनं पाच-सहा वेळा. हिरडी मागं सरली, दातांची मुळं उघडी पडली, तरी हात डबीकडेच.

दाढ काढायचं कुणी नुसतं म्हटलं तरी ती कानांवर हात ठेवी. वरची दाढ उपटली की त्या बाजूचा डोळा जातो, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. आई म्हणायची, "ठणका सोसंन मी. पर आंधळी होऊन दारात न्हाई बसायची."

मग एक दिवस दारावर दाताची कीड काढणारी बाई आली. तिनं निखाऱ्यावर रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं, बी टाकलं, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घातली, भोकात नळी खोचली आणि धूर आईच्या तोंडात सोडला. खोकून खोकून आईचा जीव मेटाकुटीला आला. तोंडाखाली पाण्याची ताटली धरलेली. बघतो तर ताटलीत पांढऱ्या, बारीक अळ्या!

"अगं बया, सात हाईत!" शेजारीण ओरडली.

वडील ओट्यावरनं म्हणाले, "एका दाढंत सात? आपल्या घरात बी येवढी माणसं न्हाईत."

"तुमाला कशाचाच इस्वास न्हाई," आई फणकारली. आणि पुरावा म्हणून तिनं दोन अळ्या चिंधीत बांधून कनवटीला लावल्या.

तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला, की डावा डोळा निम्मा मिटला. अंगात ताप, तोंडात घास जाईना. वडिलांनी बैलगाडी जुंपली. मला धाकट्या भावाला सांभाळायला सोबत घेतलं. चिंचवडहून आगगाडीनं आम्ही पुण्याला दाताच्या डॉक्टरांकडे गेलो.

आईनं खुर्चीवर बसण्याआधी कनवटीची चिंधी सोडली. "ह्या निघाल्या बगा. अजून आत हाईत का?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. त्यांनी भिंग घेतलं, निरखून पाहिलं आणि ते भिंग आईच्या हातात दिलं. "ही अळी नव्हे, बाई. रिंगणीच्या बीतला कोंब आहे. बी तापून फुटलं की बाहेर पडतो. दातात अळी नसतेच. खाल्लेलं दातांत अडकून राहतं, आंबतं, आणि दात पोखरत जातो. तुमची दाढ पार मुळापर्यंत पोखरलीय, तिथं पू झालाय. ती काढावी लागेल."

"आन् माझा डोळा?"

"दाढ काढल्यानं डोळा जात नाही. पण हा पू असाच वर चढू दिलात, तर डोळ्याला खरा धोका आहे."

भीती तीच, पण डॉक्टरांनी ती उलटी करून तिच्या पुढ्यात ठेवली होती. तिनं वडिलांकडे पाहिलं. "अवं, काय करू?"

"तोंड तुजं हाय," वडील हळूच म्हणाले. "मी हाय हितंच."

आईनं डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

डॉक्टरांनी हिरडीत बधिर करायची सुई टोचली, जरा वेळ जाऊ दिला, मग चिमट्यानं दाढ काढली. पू निघाला. वर कापसाचा बोळा चावायला दिला. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "मिश्री बंद करा. तिनं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. शेजारची दाढ नुकतीच किडतेय, ती वाचेल. पुढच्या खेपेला तिच्यात चांदी भरतो."

बोळ्याआडून आई पुटपुटली, "तोंडात चांदी? पायातली जोडवी पुरं हाईत."

येताना ती आगगाडीत खिडकीशी बसली. दापोडीच्या पुलावर गाडी आली तशी तिनं तळव्यानं उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं खाली नदीकडे पाहायला लागली.

मग बोळा सांभाळत म्हणाली, "पाच बाया धुणं धुत्यात. येकीचं लुगडं हिरवं हाय."

मी पाहिलं. पाचच होत्या. लुगडंही हिरवं होतं. वडिलांनी तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, कोळशाचा कण गेला.

चांदी तिनं पुढं भरून घेतली बरं का. मिश्री सुटायला मात्र वर्ष गेलं. आणि त्याच डोळ्यांनी सत्तरीतही ती सुईत दोरा स्वतः ओवायची, गोधड्या शिवायची. त्यांतल्या चार अजून तिकडं माझ्या घरी पेटीत आहेत. टाके बघशील तर बोटं तोंडात घालशील. एक तुझ्यासाठी ठेवलीय. पण मी काही पाठवणार नाही हो कुणाच्या हाती. थंडी पडायच्या आत तूच ये, आणि राहायलाच ये.