एकदाच लिहिलेलं सॉर्टिंग

अमरावतीच्या एका लहान कंपनीत मी धान्याच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. माझ्या वरच्या माणसाला आम्ही सर म्हणायचो. ते मला पहिल्या आठवड्यापासूनच आवडले नाहीत. त्यांच्या प्रत्येक स्क्रीनमागे कोडचं तेच लांबलचक शेपूट: भावावर क्लिक झालं तर भावाने लाव, तारखेवर झालं तर तारखेने. नवा कॉलम आला की दहा ठिकाणी डागडुजी.

मी ते सगळं एका क्लासमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात आणलं. कॉलमचं नाव द्यायचं आणि चढता की उतरता क्रम तेवढं सांगायचं. त्यावरून प्रोग्राम चालू असतानाच एक्स्प्रेशन ट्री बांधला जायचा, म्हणजे ‘या नोंदीतलं हे फील्ड घे’ ही सूचनाच फांदीला फांदी जोडून तयार व्हायची. तिची क्वेरी होऊन डेटाबेसच नोंदी लावून द्यायचा. एकामागे एक कितीही कॉलम, कुठलीही स्क्रीन.

सरांनी तो क्लास काढून टाकला.

“काहून काढला?” मी विचारलं.

“मले समजत नाही थे माझ्या प्रोजेक्टमंदी चालत नाही.”

“मी समजावते ना.”

“तू मले शिकवून राहिली काय?”

बाजूच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. मान मात्र कोणी वर केली नाही.

पुढे आम्ही दोघं अकोल्याला एका म्हाताऱ्या अडत्याकडे गेलो. सोयाबीनच्या नोंदी बघत ते म्हणाले, “आधी गावानं लावा, मंग ओलाव्यानं.”

“तसं नाही होत, चाचा,” सर म्हणाले.

“होते,” मी म्हटलं आणि माझा लॅपटॉप उघडला. काढून टाकलेला क्लास त्यावर तसाच होता.

चाचांनी स्वतः क्लिक करून पाहिलं. “हेच पायजे आमाले.”

परतीच्या गाडीत सर बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. सोमवारी माझा क्लास प्रोजेक्टमध्ये होता, वर त्यांचं नाव. मी मालकाकडे गेले. “कोड कंपनीचा असते, बाई. काहून भांडून राहिली?” तो म्हणाला. मी राजीनामा टाइप करून त्याच्याच प्रिंटरवर छापला.

काही महिन्यांनी सरांचा फोन आला. माल आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचं नाव त्यांनी कॉलममध्ये घेतलं होतं. ते नाव नोंदीच्या आत दुसऱ्या नोंदीत होतं, म्हणून सॉर्टिंग कोलमडत होतं. ट्रीमध्ये एक पायरी आणखी खाली उतरायचं, एवढंच होतं. मला ते ऐकताऐकताच दिसलं.

“क्लासवर नाव कोणाचं आहे, सर?” मी विचारलं.

मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. वाईट अजूनही वाटलेलं नाही.